बरगडीखाली दुखतंय? सातव्या महिन्यातल्या पहिलटकरणींसाठी

मला २८वा आठवडा लागला होता. मुंबईत भांडुपहून सकाळची लोकल पकडली होती, लेडीज डब्यात चौथ्या सीटवर (तिघींच्या बाकाच्या कडेला चौथी म्हणून) टेकले होते आणि विक्रोळी जाता जाता उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की शेजारच्या बाईचा हातच धरला. मुलुंडहून रोज येणाऱ्या त्या काकू म्हणाल्या, "पाय मारत असेल गं, होतं सगळ्यांना." ते खरंही होतं. पण पुढचे दोन महिने मी नीट झोपले नाही, एक चुकीची गोळी घेता घेता वाचले आणि साध्या चार गोष्टी कळायला ३३वा आठवडा उजाडला. त्या तुम्हाला आधीच कळाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. इथं जे लिहिलंय ते मला माझ्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमनी सांगितलेलं आणि मी करून पाहिलेलं आहे. तुमच्या फाईलमध्ये काही वेगळं असेल (रक्तदाब, जुळी, वार म्हणजे प्लासेंटा खाली असणं, आधीचं सिझर), तर व्यायामाचा भाग आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

१. सगळ्यात आधी: कोणतं दुखणं घरी काढायचं नाही

हा भाग सोडून पुढे जाऊ नका. बरगडीचं दुखणं बहुतेक वेळा ताणाचंच असतं. पण काही गंभीर आजारही नेमके त्याच जागी दुखतात, आणि "होतं सगळ्यांना" म्हणत थांबण्यात वेळ जातो.

पाचवा महिना संपल्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या हाडाच्या खाली, पोटाच्या अगदी वरच्या भागात दुखायला लागलं, बसण्याची पद्धत बदलूनही थांबत नाही, वाढतच चाललंय, तर रक्तदाब मोजून घ्या. सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा अंधुक दिसत असेल, मळमळ-उलट्या असतील, चेहरा आणि हात एकाएकी सुजले असतील तर तासभरही थांबू नका. गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाचा यकृतावर परिणाम होतो आणि यकृत उजव्या बरगडीखाली असतं, म्हणून ते तिथं दुखतं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. १६० किंवा ११० झाला तर फोन करत बसायचं नाही, थेट निघायचं. आणि रक्तदाब फार वाढलेला नसतानाही यकृताचा त्रास सुरू झालेला असू शकतो. म्हणून आकडा बरा आला तरी दुखणं थांबत नसेल तर दाखवाच. लघवीतलं प्रोटीन आणि रक्ताच्या तपासण्या केल्याशिवाय हे कळत नाही.

ताबडतोब जायचं अशी आणखी कारणं:

- श्वास घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखं होतं, धाप लागते, खोकल्यातून रक्त येतं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखते. ही फुप्फुसात रक्ताची गुठळी गेल्याची खूण असू शकते.
- छातीत दाब येऊन तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातो, घाम फुटतो.
- थंडी वाजून ताप, कुशीत मागच्या बाजूला दुखणं, लघवीला जळजळ.
- पोट दगडासारखं कडक झालंय, रक्त किंवा पाणी जातंय, किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटते.

याखेरीज तीन गोष्टी एक-दोन दिवसांत दाखवायच्या. तळलेलं, तुपकट खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उजवीकडे जोरात दुखून ते उजव्या खांद्याच्या मागे जात असेल तर पित्ताशयात खडे असू शकतात. त्यातच ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी जा. अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, खूप खाज सुटत असेल तर यकृताची तपासणी लागते. आणि बरगडीवर एकाच बाजूला आग होऊन पट्ट्यासारखे फोड उठले तर ती नागीण असते. तिच्यावर घरी लेप लावण्यात दिवस घालवू नका, तिची औषधं फोड आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात.

रुग्णवाहिकेसाठी १०८. हा नंबर नवऱ्याच्या, सासूबाईंच्या आणि शेजारच्या एका घरच्या फोनमध्येही घालून ठेवा.

३३व्या आठवड्यात एका रात्री माझं दुखणं थांबेचना. मी म्हणत होते सकाळी बघू. सासूबाई म्हणाल्या, "तपासून काही निघालं नाही तर चांगलंच आहे की." रात्री दीडला गेलो. रक्तदाब, लघवी, रक्त सगळं ठीक निघालं आणि पहाटे घरी परत आलो. त्या फेरीचं मला आजही वाईट वाटत नाही. अशी फेरी फुकट जाणं हेच आपल्याला हवं असतं.

२. दुखतं कशामुळे

कारण कळलं की उपाय आपोआप सुचतात, म्हणून थोडं समजून घ्या.

गर्भाशय वर वर सरकत ३६व्या आठवड्याच्या आसपास छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत पोहोचतं. श्वासाचा पडदा साधारण ४ सेंटिमीटर वर ढकलला जातो. फुप्फुसांना जागा हवी, म्हणून खालच्या बरगड्या छत्री उघडावी तशा बाहेर फाकतात आणि छातीचा घेर ५ ते ७ सेंटिमीटर वाढतो. त्याच वेळी शरीरातल्या संप्रेरकांमुळे सांधे बांधणारे स्नायुबंध सैल पडतात. म्हणजे बरगड्यांच्या मधले स्नायू ताणलेले, सांधे ढिले, पुढे स्तनांचं वजन वाढलेलं आणि पाठीला बाक आलेला. एवढं सगळं असताना दुखलं नाही तरच नवल.

उजवीकडेच जास्त का दुखतं? गर्भाशय वाढताना थोडं उजवीकडे वळतं, आणि वर यकृताने जागा अडवलेली असते. बाळाचं डोकं खाली असेल तर पाय वर, बरगडीपाशी येतात. लाथ बसली की कळ येते आणि जाते. पण तिथं लाथ नाही, नारळासारखं कडक, गोल काहीतरी सतत रुतून बसलंय असं वाटत असेल तर ते बाळाचं डोकं असू शकतं, म्हणजे बाळ पायाळू आहे. ३४-३५व्या आठवड्यानंतरच्या तपासणीत डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा.

३. चार दिवस वही ठेवा

मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यामुळे माझी एक अख्खी ओपीडी वाया गेली. तीन तास रांगेत बसले. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतं? कसं दुखतं?" मी नुसता हात फिरवला आणि म्हणाले, "इथं, खूप." त्यांच्यासमोर अजून साठ बायका होत्या. "आराम करा" असं सांगून त्यांनी फाईल परत दिली. चूक त्यांची नव्हती, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत, ते वापरा. चमक निघते आणि जाते का? बाळ हललं की कळ येते का? ठणका लागून राहतो का? आग होते का? संध्याकाळी रग लागते का? वळताना उसण भरल्यासारखं अडकतं का? यातला प्रत्येक शब्द डॉक्टरांना वेगळं काहीतरी सांगतो. उसण आणि रग बहुधा स्नायूंची. चमक अनेकदा बरगड्यांमधल्या नसेची. आग छातीच्या मधोमध असेल तर अ‍ॅसिडिटी, बाजूला पट्ट्यात असेल तर नस किंवा नागीण. बाळ हललं नाही तरी लागून राहणारा ठणका असेल तर वरचा पहिला भाग पुन्हा वाचा.

चार दिवस वहीत किंवा मोबाईलमध्ये एवढंच टिपा: किती वाजता, कुठल्या बाजूला, एका बोटाने दाखवता येतं की हाताचा पंजा लागतो, त्याआधी काय करत होते किंवा काय खाल्लं होतं, आणि कशाने कमी झालं. बोटाने दाबून दुखतं का, तेही लिहा. पुढच्या खेपेला मी सांगितलं, "उजवीकडे, ब्रेसियरच्या पट्टीच्या खाली, दाबलं तर दुखतं, बसल्यावर वाढतं, हात वर केला की सुटतं, जेवणाशी संबंध नाही." दोन मिनिटांत मला फिजिओथेरपीची चिठ्ठी मिळाली.

घरी रक्तदाबाचं यंत्र घेणार असाल तर दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजा. जिने चढून आल्या आल्या मोजलेल्या आकड्याने उगाच जीव घाबरा होतो.

४. डॉक्टरांकडे जाताना

खाजगी नर्सिंग होममध्ये नाव घातलं असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता फोन करून विचारा. केईएम, सायन, नायर, कूपर किंवा वाडिया प्रसूतिगृह अशा ठिकाणी नाव असेल तर तुमच्या युनिटचा ओपीडीचा वार बघून सकाळी लवकर पोहोचा, कारण केसपेपरच्या खिडकीवरच बराच वेळ जातो. अचानक त्रास झाला तर मात्र ओपीडीचा वार बघायचा नसतो, थेट प्रसूती विभागाच्या इमर्जन्सीत जायचं.

पिशवीत काय असावं:

- हॉस्पिटलची फाईल आणि जुने केसपेपर
- माता-बाल संरक्षण कार्ड
- सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट (फक्त शेवटचा नाही)
- रक्त-लघवीचे रिपोर्ट, रक्तगट लिहिलेला कागद
- चालू गोळ्यांची पाकिटं किंवा त्यांचे फोटो
- आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- तुमची वही
- पाण्याची बाटली, राजगिऱ्याचा लाडू किंवा केळं

फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलवर असू द्या. रात्री धावपळीत फाईल घरीच राहते, माझी राहिली होती.

डॉक्टरांना थेट विचारा, "मला फिजिओथेरपी चालेल का?" मोठ्या पालिका रुग्णालयांत हा विभाग असतो, पण आपण विचारल्याशिवाय तो विषय फारसा निघत नाही.

५. कपडे

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर गुण येणारा उपाय. मी सातव्या महिन्यात जुन्याच मापाची ब्रेसियर घालत होते. छातीचा घेर वाढलेला असतो, पट्टी बरोबर दुखऱ्या बरगडीवर करकचते. तार असलेली ब्रेसियर बंद करा. मापाची नवीन घ्या, किंवा तेवढ्यापुरते हुकाचे जोडपट्टे मिळतात ते लावा. दादरला रानडे रोडवर सहज मिळून जातात. दोन बोटं आरामात आत गेली पाहिजेत.

परकराची आणि सलवारची नाडी पोटाच्या वर बांधू नका, पोटाच्या खाली सैल बांधा. साडी नेसत असाल तर इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या. पोटाला आधार देणारा पट्टा विकत घ्यायचा असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, कारण पोट वर उचलणारा पट्टा कमरेला बरा वाटतो पण बरगडीवर दाब वाढवू शकतो.

६. बसणं

बसल्यावर त्रास वाढतो, कारण बसलं की पोट वर येतं आणि बरगड्या खाली. दोघांच्या मधे जागाच उरत नाही. त्यामुळे एकच लक्षात ठेवायचं: बरगडी आणि कंबर यांच्यात अंतर वाढवायचं.

मऊ सोफ्यात रुतून बसू नका. कडक खुर्ची, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल, पाय जमिनीला टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठा, पाणी भरायला जा, जिन्यापर्यंत जाऊन या. घरी खुर्ची उलटी फिरवून तिच्या पाठीवर उशी ठेवून पुढे रेलून बसलं की पाठीला फार बरं वाटतं. मी संध्याकाळच्या मालिका अशाच बघितल्या.

पाटावर बसून भाजी निवडणं, मोरीत उकिडवं बसून कपडे धुणं, खाली बसून पोळ्या लाटणं हे सगळं या दोन महिन्यांपुरतं दुसऱ्या कुणाला तरी द्या. ओट्याशी उभं राहायचं तर एक पाय बुटक्या पाटावर ठेवा, थोड्या थोड्या वेळाने पाय बदला. पहाटे पाणी येतं तेव्हा हंडा-बादली तुम्ही उचलायची नाही. घरात हे सांगायला संकोच वाटत असेल तर नवऱ्याला ओपीडीत सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्याच तोंडून त्याला ऐकू द्या.

७. झोपणं

२८व्या आठवड्यानंतर उताणं झोपायचं नाही, कुशीवर झोपायचं. डावी कूस चांगली म्हणतात, पण उजवीवर झोपलात तरी चालतं. मध्येच जाग आल्यावर उताणं दिसलात तर घाबरू नका, फक्त कूस बदला. दुखरी बाजू वर ठेवली की बहुतेकींना बरं वाटतं.

महागडी गरोदरपणाची उशी मी घेतली नाही, आमच्या खोलीत ती मावलीही नसती. माझी मांडणी अशी होती: एक उशी दोन गुडघ्यांच्या मधे, पोटाखाली चार घड्या घातलेली चादर, पाठीमागे लोड, आणि डोक्याच्या बाजूला गादीखाली आईची जाड गोधडी दुमडून घातलेली, म्हणजे खांद्यापासून वरचा भाग जरा उंच राहतो. नुसत्या डोक्याखाली दोन उशा घेतल्या तर मान अवघडते आणि बरगड्या आणखी मिटतात, म्हणून उंची खांद्यांपासून हवी. वरच्या बाजूचा हात पुढे पडून छाती आवळली जाऊ नये म्हणून तो उशीवर ठेवायचा, तीच गुडघ्याची उशी लांब असेल तर दोन्ही कामं होतात.

खाली गादीवर झोपत असाल तर उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, गुडघे पोटाकडे घ्या, दोन्ही हातांनी जमीन ढकलत उठा. पहिल्यांदा मला उसण भरली ती सरळ उठण्यानेच.

८. पाच व्यायाम

दिवसातून दोनदा, प्रत्येकी पाच-सहा वेळा, श्वास न रोखता. चक्कर आली, पोट कडक झालं, दुखणं वाढलं तर थांबायचं.

पहिला, बरगडीचा श्वास. खुर्चीवर बसून दोन्ही तळवे बरगड्यांच्या बाजूला ठेवा. नाकाने श्वास घेताना तळवे बाहेर ढकलले गेले पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत. सोडताना तोंडाने हळू. मला हा एकटाच इतका लागू पडला की लोकलमध्ये, रांगेत, मीटिंगमध्ये, कुठेही करायचे.

दुसरा, हात वर. ज्या बाजूला दुखतं तो हात कानाजवळून वर न्या आणि विरुद्ध बाजूला थोडंसं झुका. कळ आली त्या क्षणीसुद्धा हे करता येतं. अनेकदा बाळही जरा सरकतं.

तिसरा, भिंतीचा. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहा, तळवे भिंतीवर ठेवून बोटांनी चालत वर न्या, जितके आरामात जातील तितकेच. दोन श्वास थांबा, परत खाली.

चौथा, ओट्याचा. ओटा किंवा टेबल दोन्ही हातांनी धरून मागे सरका, कंबरेतून वाका, पाठ लांब करा. मान हातांच्या रेषेत. पोटाचं वजन बरगड्यांवरून उतरलेलं लगेच जाणवतं.

पाचवा, चार पायांवर. गादीवर तळवे आणि गुडघे टेकून श्वास सोडताना पाठ मांजरीसारखी वर गोल करा, घेताना फक्त सरळ करा. पोट खाली लोंबकळू देऊ नका. मनगटं दुखत असतील तर मुठीवर करा.

जोरात पिळणारे व्यायाम, पोटावर दाब देणारी आसनं नकोत. "बाळ फिरतं" म्हणून कुणी उलटं व्हायला सांगितलं तर आधी डॉक्टर.

खोकला झाला असेल तर त्याच्यावर लवकर उपचार घ्या. सततच्या खोकल्याने ताणलेल्या बरगडीला बारीक तडासुद्धा जाऊ शकतो. खोकताना दुखऱ्या बाजूवर उशी दाबून धरली की हिसका कमी बसतो.

९. लोकल आणि बस

चौथ्या सीटचं सुरुवातीलाच लिहिलं. अर्धं अंग बाहेर, कंबर पिळलेली, एका पायावर भार, या स्थितीत पाऊण तास बसण्यापेक्षा दाराच्या आतल्या बाजूला पाठ टेकून उभं राहणं बरगडीला परवडतं. पण सातव्या महिन्यात गर्दीत उभंही राहू नये. त्यामुळे दिव्यांगांच्या डब्यातून जा. गरोदर बायकांना त्या डब्यातून जायची मुभा आहे. मला आधी फार अवघडल्यासारखं झालं, आपण कुणाची तरी जागा घेतोय असं वाटलं. तिथल्याच एका आजोबांनी सरकून जागा दिली. डॉक्टरांचं पत्र किंवा फाईलच्या पहिल्या पानाचा फोटो जवळ ठेवा, कुणी विचारलं तर दाखवता येतो.

गर्दीत पाठीवरची बॅग आपण पुढे घेतो ना, ती आता पुढे घेऊ नका, तिचा पट्टा आणि आतला जेवणाचा डबा बरोबर बरगडीवर बसतो. हातात धरायची छोटी पिशवी न्या. वरची कडी दुखऱ्या बाजूच्या हाताने धरू नका, ब्रेक लागला की हिसका तिथंच बसतो. बेस्टच्या बसमध्ये पुढच्या दाराने चढा आणि जागा मागून घ्या. रिक्षावाल्याला खड्डे बघून चालवायला आधीच सांगा, आपल्याकडचे रस्ते पावसाळ्यात कसे असतात ते काय सांगायचं.

ऑफिसात वेळ बदलून मागा. दहाऐवजी अकराला पोहोचायची परवानगी मिळाली तेव्हा माझा अर्धा त्रास कमी झाला. प्रसूती रजा लागू असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. सगळी रजा बाळासाठी साठवायची म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत धक्के खाणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्यात. दोन आठवडे स्वतःसाठी घेतले तर बाळाचं काही कमी होत नाही.

१०. खाणं

पोट भरलं की बरगडी आणखी दबते, एवढंच गणित. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. "दोन जिवांची आहेस" म्हणून वाढलेलं ताट एकदम संपवायची गरज नाही, उरलेलं दोन तासांनी खा. रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन-तीन तास ठेवा. जळजळ असेल तर तिखट, तळलेलं आणि संध्याकाळचा चहा कमी करून बघा. खायचा सोडा आणि फसफसणाऱ्या पुड्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्यात मिठासारखंच सोडियम भरपूर असतं. अ‍ॅसिडिटीचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. ते आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, दोन तास तरी मधे जाऊ द्या, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

११. गोळी, मलम, शेक, मालिश

एका रात्री नवरा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून "बरगडी दुखते" म्हणून गोळी घेऊन आला. मी गरोदर आहे हे त्याने सांगितलं नाही, दुकानदाराने विचारलं नाही. पाकिटावर आयबुप्रोफेन लिहिलं होतं. मी सवयीने वाचलं म्हणून वाचले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची वेदनाशामकं २०व्या आठवड्यानंतर टाळतात, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचाही धोका असतो. दुखण्यावरच्या अनेक जेल आणि स्प्रेमध्येही डायक्लोफेनॅक असतं, म्हणून "नुसतं लावायचंय" म्हणून सोडून देऊ नका. पॅरासिटामॉल चालते, पण किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

शेक चालतो. कोमट, सोसवेल इतकीच पिशवी, टॉवेलमध्ये गुंडाळून, पाठीकडून बरगडीवर, १०-१५ मिनिटं. पोटावर नाही.

पाठीला, खांद्याला हलक्या हाताने तेल लावून घ्यायला हरकत नाही. पण मालिशवालीला पोटाला हात लावू देऊ नका. "बाळ वर चढलंय, खाली उतरवून देते", "आडवं आहे, सरळ करते" असं सांगणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण पोट असं दाबण्याने वार सुटू शकते. बाळ पायाळू असेल तर ते बाहेरून फिरवायची पद्धत डॉक्टरांकडे आहे, ती ३६-३७व्या आठवड्यानंतर हॉस्पिटलमध्ये, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवूनच करतात.

१२. पोट खाली उतरल्यावर

पहिलटकरणींमध्ये बाळंतपणाच्या दोन ते चार आठवडे आधी बाळाचं डोकं ओटीपोटात उतरतं. माझं ३७व्या आठवड्यात उतरलं. एका सकाळी उठले आणि श्वास पूर्ण भरला, किती तरी दिवसांनी. बरगडीखाली तळहात मावायला लागला. त्याबरोबर लघवीला दर तासाला जायला लागलं आणि चालताना खाली जडपणा आला, पण त्या मोकळ्या श्वासापुढे मला त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्या खेपेला बाळ अनेकदा कळा सुरू झाल्यावरच उतरतं, त्यामुळे तेव्हा या सुटकेची वाट बघत बसू नका.

बाळंतपणानंतर बरगड्या हळूहळू मिटतात, काही आठवडे ते महिने लागतात. काहींचा घेर थोडा वाढलेलाच राहतो, जुने ब्लाऊज उसवावे लागतात. पहिल्या आठवड्यांत तिथं पुन्हा दुखायला लागतं, कारण आपण बाळावर वाकून दूध पाजतो. मांडीवर दोन उशा घेऊन बाळाला छातीपर्यंत वर आणा, पाठ भिंतीला टेकवा, पाय पाटावर ठेवा. मधल्या वेळात बरगडीचा श्वास आणि भिंतीचा व्यायाम डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करता येतो. आणि पहिल्या भागातली डोकेदुखी, अंधुक दिसणं, उजवीकडचं न थांबणारं दुखणं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत कधीही जाणवलं, तर फाईल घ्या आणि तसंच हॉस्पिटल गाठा. रक्तदाबाचा तो त्रास बाळ झाल्यावरही सुरू होऊ शकतो.